कॅमेरा कोणाच्या हातात आहे?

मे महिना लागला की मालवणच्या जेटीवर उभे राहायला जागा नसते. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असतो. पाण्यातला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, देवबागचा संगम, ताटातली सुरमई, सगळ्याचे फोटो निघतात. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून या जिल्ह्याचे जे चित्र जगापुढे मांडले गेले ते हेच. त्या चित्रात निळे पाणी आहे, माड आहेत, होड्या आहेत. बौद्धवाडी नाही. पहाटे रस्ता झाडणारी बाई नाही. लॉजच्या मागची संडासाची टाकी उपसणारा माणूस नाही.

फोटो काढणाऱ्यांनी त्यांना मुद्दाम वगळले, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना ही माणसे दिसलीच नाहीत. जातिव्यवस्थेची सर्वांत जुनी करामत हीच आहे. ज्याच्या श्रमावर गाव स्वच्छ राहते, तो गावाच्या नजरेत असता कामा नये.

कोणाला दाखवायचे, कोणाला वगळायचे आणि दाखवायचेच झाले तर कसे, हे ठरवण्याचा अधिकार म्हणजे सत्ता. ही सत्ता दंडुक्यातून दिसत नाही, म्हणून ती आपल्या लक्षात येत नाही. आज आम्ही तिच्याविषयी लिहीत आहोत. आणि तिच्या विरोधात वर्षानुवर्षे कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या एका माणसाविषयी.

भिंतीवरचा तो फोटो

पण आधी घरची गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे एक चुलते मुंबईला नोकरीला होते. गणपतीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात ते गावी येत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, अंगाला साबणाचा वास, पिशवीत आम्हा पोरांसाठी बिस्किटे. वाडीत कोणी विचारले, ‘तुमी खंय कामाक आसात?’ तर ते एकच शब्द बोलत, ‘मुन्शिपाल्टीत.’ पुढे कोणी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

घराच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्या खाली चुलत्यांचा एक फोटो होता. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. अंगात कोट आणि कोटाच्या खिशात पेन. तो कोट स्टुडिओचा होता, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. कायद्याच्या शिक्षणासाठी मुंबईत त्यांच्या चाळीतल्या खोलीवर राहायला गेलो, तेव्हा त्यांची खरी ओळख झाली. ते पहाटे पाचला उठत. हजेरीच्या चौकीवर मुकादमापुढे उभे राहत आणि मग दिवसभर कचऱ्याच्या गाडीवर. घरी आले की तासभर अंघोळ. तो साबणाचा वास कशाचा होता, ते त्या दिवशी उमगले.

याच काळात सुधारक ओलवे यांची कृष्णधवल छायाचित्रे आमच्या पाहण्यात आली. मुंबईच्या सफाई कामगारांची. पाहताना पहिली भावना कोणती आली ते प्रामाणिकपणे सांगतो. लाज वाटली. कोणी आपल्या चुलत्यांना ओळखेल की काय, अशी भीती वाटली. दुसरी भावना यायला बराच वेळ लागला. ती रागाची होती, आणि तो राग चित्रे काढणाऱ्यावर नव्हता.

ओलवे यांनी काय केले?

सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ चा, अकोल्याचा. १९८८ पासून ते मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करू लागले. वृत्तपत्राच्या फोटोग्राफरचे काम कसे असते? घटना घडली की जायचे, फोटो काढायचा, परत यायचे. सफाई कामगार त्या फोटोत केव्हा येतो? संप झाला, कचरा साचला, शहराने नाक दाबले, की येतो. संप मिटला की तो पुन्हा नाहीसा होतो. ओलवे यांनी हा रिवाज मोडला. ते कामगारांकडे परत परत गेले. कचऱ्याच्या गाडीबरोबर गेले, गटाराच्या तोंडाशी उभे राहिले, डम्पिंग ग्राउंडवर गेले आणि तिथून कामगारांच्या घरीही गेले. हे काम एका दिवसाच्या बातमीचे नव्हते. ते वर्षानुवर्षे चालले.

मुंबई महापालिकेत सफाई कामगारांची संख्या सुमारे तीस हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यांतला फार मोठा हिस्सा आपला, म्हणजे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींचा आहे. मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून, कोकणातून पोटासाठी आलेली ही माणसे. गाव सोडले, जात सुटेल म्हणून. शहराने गावकीचे काम पगारपत्रकावर चढवले आणि त्यांच्या हाती ठेवले. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो याच माणसांसाठी.

ओलवे यांच्या या कामाला २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकचा ‘ऑल रोड्स’ पुरस्कार मिळाला. छायाचित्रे परदेशात गेली. पुढे ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या नावाचे पुस्तक झाले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण आमच्या दृष्टीने पुरस्काराहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ओलवे त्या विषयावर थांबून राहिले. जातीय अत्याचारात घरचे माणूस गमावलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांकडेही ते गेले. अशा घरात पहिल्या आठवड्यात पुढारी येतात, चॅनलवाले येतात, आश्वासनांचा पाऊस पडतो. नंतर उंबरठ्यावर कोणी उभे राहत नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो, साक्षीदार फिरतात, आई म्हातारी होते. या नंतरच्या वर्षांचा साक्षीदार कोण? पोलिसांचा पंचनामा फक्त घटनेच्या दिवसाचा असतो. नंतरच्या वर्षांचा पंचनामा करायला असा एखादा कॅमेरा लागतो.

आपल्याच तरुणांचा आक्षेप

हा विषय निघाला की चळवळीतले काही तरुण आम्हाला विचारतात, ‘सर, आपल्याला सारखे गटारातच का दाखवता? आपले डॉक्टर, इंजिनीअर, कलेक्टर का दाखवत नाही? बाबासाहेब सुटाबुटात राहिले ते कशासाठी?’

आक्षेप खोटा नाही. पेहराव हा बाबासाहेबांच्या लेखी चैनीचा विषय कधीच नव्हता. मनुस्मृतीचे दहन झाले २५ डिसेंबर १९२७ रोजी. त्यानंतर दोनच दिवसांनी महाडात त्यांनी आपल्या आयाबहिणींपुढे भाषण केले आणि जातीची खूण पटवणारे लुगडे नेसणे, तसले दागिने घालणे सोडायला सांगितले. त्या बायांनी ते तिथल्या तिथे ऐकले आणि लुगडी नेसण्याची रीत बदलली. आमच्या चुलत्यांनी स्टुडिओचा कोट घालून काढलेला फोटो याच परंपरेतला आहे. ते ढोंग नव्हते. ‘मला असे बघा’ हा त्या माणसाचा जगाला दिलेला हुकूम होता.

आणि कॅमेऱ्याचा आपल्याला आलेला जुना अनुभवही काही बरा नाही. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. या देशातल्या जातीजमातींची माणसे कॅमेऱ्यापुढे उभी करून त्यांचे नमुने गोळा केले. फोटोखाली बहुधा जातीचे वा जमातीचे नाव असे, माणसाला स्वतःचे नाव नसे. वाघाचा, हरणाचा फोटो काढावा तसा. ज्याच्या हाती राज्य होते त्याच्याच हाती कॅमेरा होता, आणि समोरच्याला ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती.

मग सफाई कामगारांची ओलवे यांनी काढलेली चित्रे आणि साहेबांनी काढलेले ते नमुने यांत फरक काय? अमेरिकेतले एक उदाहरण देतो. १९४२ साली गॉर्डन पार्क्स नावाच्या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या कृष्णवर्णीय बाईंचा फोटो काढला. मागे अमेरिकेचा भव्य राष्ट्रध्वज, पुढे ताठ उभ्या त्या बाई, एका हाती झाडू आणि मागे फरशी पुसण्याचा मॉप. स्वातंत्र्याचा डांगोरा पिटणाऱ्या देशाला त्या एका फोटोने आरसा दाखवला. पण पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत. ते त्या बाईंच्या घरी गेले, त्यांची नातवंडे, त्यांचे चर्च, त्यांची वस्ती या सगळ्याची चित्रे त्यांनी काढली. झाडू हे त्या बाईंचे काम होते. त्यांची ओळख त्याहून कितीतरी मोठी होती आणि पार्क्स यांनी ती सगळी मांडली. ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या दलित पँथरने १९७२ साली नाव घेतले, त्या देशातला हा धडा आपल्यालाही घेता येतो.

आज तामिळनाडूत एम. पळणी कुमार हे सफाई कामगारांमध्ये असेच वर्षानुवर्षे काम करीत आहेत. गटारात उतरून मेलेल्या माणसांच्या घरी ते जातात. हे लोक कॅमेरा घेऊन बाहेरून आलेले पाहुणे नाहीत. सफाई कामगार हा त्यांना नमुना वाटत नाही. तो त्यांना कोणाचा तरी बाप वाटतो. फरक आहे तो इथे.

म्हणून आक्षेप घेणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच. कलेक्टरचा फोटो अवश्य लावा, आम्हीही लावतो. पण गटारातल्या बापाचा फोटो झाकून कलेक्टरचा फोटो मोठा होत नाही. उलट, झाकला की व्यवस्थेचे काम सोपे होते. २०२१ च्या जुलै महिन्यात केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राज्यसभेत लेखी उत्तर दिले की हाताने मैला वाहण्यामुळे देशात एकाही मृत्यूची नोंद नाही. गटारात आणि टाक्यांत माणसे मरतच होती, पण त्यांना ‘धोकादायक सफाई’च्या वेगळ्या रकान्यात घातले की पहिला रकाना कोरा राहतो. शब्दांची अशी कसरत फोटोपुढे चालत नाही. भोकात उतरलेला माणूस कोणत्या रकान्यातला आहे, हे फोटो विचारत नाही.

गौरवाचा सापळा

या नाण्याला दुसरी बाजूही आहे. सत्ताधाऱ्यांनाही सफाई कामगाराचा फोटो हवा असतो. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले. तो फोटो देशभर झळकला. पाय धुतल्याचा फोटो मिळाला, ते पाय गटाराबाहेर निघाल्याचा फोटो अजून यायचा आहे. ‘स्वच्छतादूत’, ‘कोरोना योद्धा’ अशा पदव्या वाटून झाल्या. सफाईच्या कामाला पवित्र ठरवून ते करणाऱ्याला तिथेच बसवून ठेवण्याची ही युक्ती जुनी आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात तिचा खरपूस समाचार घेतला आहे. या देशात माणूस कामामुळे भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा.

ज्या फोटोत सफाई कामगार फक्त केविलवाणा दिसतो तो फोटो खोटा आणि ज्या फोटोत तो फक्त थोर दिसतो तोही खोटा. ओलवे यांची चित्रे या दोन्ही सापळ्यांतून सुटतात, कारण ती घाणीपाशी थांबत नाहीत. घाणीत उतरायला लावणारी व्यवस्था कोणती, हा प्रश्न ती बघणाऱ्याच्या गळ्यात घालतात.

वकिलाच्या नजरेतून

आम्ही वकील आहोत, म्हणून पुराव्याच्या भाषेत बोलतो. १९९३ साली मैला वाहण्याला बंदी करणारा पहिला कायदा झाला. तो कागदावर राहिला. दुसरा कायदा २०१३ चा, तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी. या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा शौचाची टाकी साफ करायला माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लक्षात घ्या, कायद्यात फक्त महानगरातले गटार नाही, शौचाची टाकीही आहे. म्हणजे आमच्या किनारपट्टीवरचे प्रत्येक लॉज, प्रत्येक होम-स्टे या कायद्याखाली येते.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाख केली आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी कामगारांसाठी लढा दिला, तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ अ आले. या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या सर्व कामकाजाचे चित्रीकरण करावे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे कायद्याने कॅमेरा न्यायाच्या बाजूने उभा केला आहे. तो चालू आहे की नाही, हे विचारणे आपले काम. किती वकील, किती फिर्यादी आग्रहाने विचारतात?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कॉलेजात शिकणारा मुलगा आला. किनाऱ्यावरच्या एका लॉजची टाकी उपसायला त्याचा बाप कमरेला दोरी बांधून उतरला होता. मुलाने मोबाईलवर फोटो काढला होता. आमचे रक्त उसळले. हा फोटो उद्याच्या पेपरात गेलाच पाहिजे, असे आम्ही म्हणालो. संध्याकाळी बाप आला. हात जोडून म्हणाला, ‘वकीलसायबानू, हो फोटो पेपरात घालू नकात. चेडवाचा लगीन ठरला हा.’

आम्ही गप्प झालो. भिंतीवरचा कोटातला फोटो आठवला. आमच्या चुलत्यांनी आयुष्यभर जे झाकले ते हा माणूस झाकू पाहत होता, आणि आम्ही, शिकलेले, चळवळीतले, त्याच्या परवानगीशिवाय ते उघडे करायला निघालो होतो. मग त्या साहेबांच्या कॅमेऱ्यात आणि आमच्यात फरक काय उरला? दोन दिवस बापलेकांबरोबर बसलो. शेवटी बापच म्हणाला, तोंड दिसू नये, नाव येऊ नये, मग काय ते करा. चेहरा न दिसणारा फोटो जोडून आम्ही मालकाला नोटीस दिली. पुढच्या वेळी त्या टाकीपाशी माणसाऐवजी उपसा करणारा टँकर आला. पेपरात बातमी आली नाही. मुलीचे लग्न झाले. आम्हाला त्या एका खटल्याने जे शिकवले ते कायद्याच्या पुस्तकात नव्हते. फोटो ज्याचा, पहिला हक्क त्याचा.

आता आपण काय करायचे?

आपल्या चळवळीला कॅमेऱ्याची किंमत नवी नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी पदरचे पैसे घालून तिचे चित्रीकरण केले. तो जनसागर आज आपण पाहू शकतो तो त्यांच्यामुळे. सरकारची, धनिकांची वाट पाहत ते बसले असते, तर काय उरले असते?

आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण त्यात भरतो काय? वाढदिवसाचे बॅनर, नेत्याबरोबरचे सेल्फी. आमची सिंधुदुर्गातल्या आणि साऱ्या कोकणातल्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या १४ एप्रिलच्या आधी आपापल्या वाडीत बसा. धर्मांतर डोळ्यांनी पाहिलेली जी म्हातारी माणसे अजून हयात आहेत त्यांचे फोटो काढा, त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. वाडीची पाण्याची वाट, स्मशानाची वाट, मुंबईला गेलेल्या माणसांच्या हजेरीपुस्तिका, ओळखपत्रे, सगळ्याची नोंद ठेवा. फोटोखाली तारीख, ठिकाण आणि माणसाचे नाव लिहा, त्याची इच्छा असेल तर. इच्छा नसेल तर नाव लिहू नका, पण फोटो जपून ठेवा. अन्यायाचा पुरावा असेल तर व्हॉट्सॲपवर फिरवत बसू नका. मूळ फाईल आणि ज्यात ती आहे तो मोबाईल सांभाळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते. फिरून फिरून आलेला फोटो कोर्टात टिकवणे फार अवघड जाते.

आमचे चुलते आता नाहीत. त्यांच्या जागी लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसा हक्काने त्यांचा मुलगा लागला. तो पदवीधर आहे. खोली टिकवायची तर नोकरी टिकवली पाहिजे आणि नोकरी टिकवायची तर झाडू धरला पाहिजे, हा हिशेब मुंबईतल्या हजारो घरांत होतो. पण चुलत भावाने एक गोष्ट वेगळी केली. गेल्या वर्षी तो गावी आला आणि बापाच्या कोटातल्या फोटोशेजारी त्याने आपला फोटो लावला. कामाच्या जागेवरचा, खाकी वर्दीतला, कचऱ्याच्या गाडीशेजारी ताठ उभा असलेला. सहकाऱ्याने काढलेला. वाडीतल्या पोरांनी विचारले, तेव्हा त्याने नुसते ‘मुन्शिपाल्टीत’ म्हटले नाही. काय काम करतो, किती वाजता उठतो, हातमोजे आणि बूट हा आपला हक्क कसा आहे, युनियन म्हणजे काय, सगळे सांगितले. आणि शेवटी पोरांना म्हणाला, तुमी ह्या कामात येव नकात.

आता भिंतीवर दोन्ही फोटो आहेत. वर बाबासाहेब आहेत. यांतला कुठलाही एक उतरवायची आमची तयारी नाही.

जय भीम!